हरकाम्याची खुर्ची

जो कुणाच्या घरी दळण दळतो, कुणाच्या रांजणात पाणी भरतो, आणि काम संपताच आपले नावही मागे न ठेवता निघून जातो, त्या भक्तांच्या सेवकाला प्रथम नमन. देवा, तुझी सेवा कोणती आणि तुझ्या सेवेसारखी नुसती दिसणारी कोणती, हे ओळखण्याची दृष्टी दे. म्हणजे सांगणाऱ्याला ही कथा सांगता येईल आणि ऐकणाऱ्याला ती सोसवेल.

१

श्रोतेहो, ही कथा एका ताईची. ती दातांच्या कारखान्यात कवळ्या घडवी. मेणाचा साचा, प्लास्टरचा लगदा, बर्नरची निळी ज्योत यांच्या संगतीत तिचा दिवस जाई. तिने घडवलेला दात शेजारच्या खऱ्या दाताला आपला सख्खा भाऊ वाटावा, इतका तिचा हात साधलेला होता, आणि तिला ते पक्के ठाऊक होते. खोटा विनय तिच्या स्वभावात नव्हता.

रविवारची दुपार मात्र तिने दुसऱ्याच एका दैवताला वाहिली होती. सायकलच्या दुकानावरच्या माडीवर पत्त्यांचा एक क्लब भरे. हे पत्ते राजाराणीचे नव्हेत. प्रत्येक पानावर एकेक अक्राळविक्राळ प्राणी. कुणाला पंख, कुणाला सोंड, कुणाच्या तोंडातून जाळ. प्रत्येकाने आपापली गड्डी जुळवायची आणि समोरच्याच्या प्राण्यांशी झुंजवायची. पोरांनी सुरू केलेला हा खेळ पिकल्या केसांच्या माणसांनी कधी ताब्यात घेतला, हे त्या माडीलाही कळले नव्हते.

तिथे सगळे जण बलाढ्य प्राण्यांच्या मागे असत. ताईचा जीव एका फाटक्या पानावर होता. त्याचे नाव हरकाम्या.

हरकाम्याचे स्वतःचे बळ शून्य. चित्रात एक बंद दार, आणि दाराकडे तोंड करून उभी असलेली, खांद्यावर फडके टाकलेली पाठमोरी आकृती. पण गुण पाहावेत तर असे: तो कुणाच्याही जागी उभा राहू शकतो, मात्र एका वेळी एकाच जागी. समोरचा वार आपल्या प्राण्यावर येत असेल, तर त्याच्या जागी हरकाम्या पुढे होतो. जोडी जमवायला एक प्राणी कमी पडत असेल, तर त्या प्राण्याच्या जागी हरकाम्या. ज्याच्या जागी उभा, त्याचेच रूप, त्याचेच बळ. आणि मेला तरी टाकलेल्या पानांच्या ढिगातून तो पुन्हा हातात घेता येतो. अट एकच, तो बोलावला की बदल्यात हातातले एक पान टाकावे लागते.

"ताई, तुमचा तो नोकर पुन्हा आला का?" समोर बसणारे घड्याळजी विचारत. घड्याळे दुरुस्त करणारा हा गृहस्थ ताईचा जुना प्रतिस्पर्धी. "आज माझे दात माझ्याच घशात घालणार दिसताय."

"घालते. मोडले तर नवे करूनही देते."

क्लबाची एक रीत होती. डाव अर्धा टाकून कुणाला उठावे लागले, तर त्याने आपले एक पान खुर्चीवर ठेवून जायचे. त्याला खुर्ची राखणे म्हणत. पान असेतोवर त्या खुर्चीला कुणी हात लावत नसे. ताई नेहमी हरकाम्यालाच बसवून जाई.

२

त्या वर्षी ताईच्या आईच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. एक डोळा पूर्वीच विझलेला. जो उरला होता त्याचेच ऑपरेशन, त्यामुळे पट्टी सुटेपर्यंत म्हातारीला सगळा अंधार. खिडकीजवळ तिची खाट, आणि खाटेला लागून एक लाकडी खुर्ची. संध्याकाळी कामावरून आल्यावर ताईने त्या खुर्चीत बसायचे, आईचे केस विंचरायचे, तिचे आवडते भजन म्हणायचे, असे ठरलेले.

"पट्टी सुटेल ना," आई म्हणाली, "तेव्हा पहिल्यांदा तुझा चेहरा दिसू दे. डॉक्टरचा नको, छताचा नको. तुझा."

"माझ्या चेहऱ्यात काय ठेवलंय?"

"ते मला पाहू दे. इतकी वर्षं धुक्यातूनच पाहतेय तुला."

ताईने शब्द दिला. पण क्लबाची अंतिम लढत जवळ आली होती, आणि बाहेरच्या टेबलावर तिची गड्डी अर्धवट जुळलेली पडली होती. एका संध्याकाळी आईजवळ बसल्या बसल्या तिला एक नवी जुळणी सुचली, आणि मग तिचे चित्त खुर्चीत ठरेना.

"आई, पाच मिनिटांत येते. क्लबातल्यासारखी खुर्ची राखून जाते, बघ." तिने हरकाम्याचे पान खुर्चीवर ठेवले. "हा बसलाय माझ्या जागी."

"बोलतो का तो?"

"बोलत नाही. पण सांगशील ते काम करतो."

"मग तुझ्यापेक्षा बराच म्हणायचा!" आई हसली.

पाच मिनिटांची कितीतरी मिनिटे झाली. ताई परतली तेव्हा आईची वेणी घातलेली होती. घट्ट, नीटस, टोकाला गाठ.

"आज हात फार हळू फिरवलास गं," आई म्हणाली. "फक्त कोरडा होता. लोशन लावत जा."

ताईला वाटले, वहिनीने विंचरले असणार. दादा बाहेरगावी नोकरीला. घरात आणखी होते कोण? तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या आणि वहिनी पिशवी सावरत आत आली.

"वहिनी, आईची वेणी तुम्ही घातलीत ना?"

"वन्सं, मी दुपारपासून बाहेर. अजून दम खातेय." वहिनीने वाकून वेणी पाहिली. "आणि ही तुमचीच वेणी आहे की. डावखुऱ्या हाताचा उलटा पेड. घरात दुसरं कोण असं घालतं?"

३

ताईची बुद्धी तल्लख होती आणि तिच्यावर तिचा विश्वास होता. तिने विचार केला: माणूस विचारात बुडाला की हात आपोआप चालतात. साचे भरताना असे नेहमी होते. मीच घातली असेन आणि विसरले असेन. या उत्तराने तिचे समाधान झाले. इतके झाले की दुसऱ्या संध्याकाळी तिने पुन्हा पान खुर्चीवर ठेवले आणि ती निश्चिंतपणे टेबलाशी जाऊन बसली.

आतून भजनाचा सूर येत होता. आई म्हणते आहे, ताईने ठरवले. सूर आईच्या मानाने तरुण होता. भिंतीतून आवाज बदलतो, तिने ठरवले.

असे होत राहिले. गोळ्या वेळेवर दिल्या जात. पाण्याचा पेला भरलेला असे. चादरीच्या कडा ताई दुमडते तशाच, कोपऱ्यात त्रिकोण करून, दुमडलेल्या असत. आणि बाहेरची गड्डी अशी जुळत होती की ताईला स्वतःचाच अभिमान वाटावा. परमेश्वर कुणाच्या मदतीला कोणत्या रूपाने येईल सांगता येत नाही, असेही तिच्या मनात आले. श्रोतेहो, इथेच ती चुकली. तो येतो तेव्हा बदल्यात काही नेत नाही.

एकदा ती मुद्दाम आईजवळ बसली आणि भजन म्हणू लागली. पहिला चरण म्हटला. दुसरा येईना. लहानपणापासून म्हटलेले भजन. जिभेवर होते तिथे नुसती मोकळी जागा.

"काय गं, थांबलीस का? काल तर किती गोड म्हटलंस."

"घसा बसलाय," ताई म्हणाली.

आईने तिचा हात हातात घेतला, बोटे चाचपली, आणि तिच्या कपाळावर आठी उमटली.

"हे काय? आज पुन्हा डाग नाही?"

"कसला डाग?"

"अंगठ्यावरचा. भाजलेला. पहिल्या दिवशी तुझा हात पत्त्यासारखा गुळगुळीत लागला होता, तेव्हा मी म्हटलं, पोरीचा डाग गेला वाटतं. मग रोज लागतोय की. काल तर चांगला खरखरीत लागला."

ताईने खिडकीच्या उजेडात डावा अंगठा धरला. शिकाऊ असताना बर्नरवर भाजून घेतलेला तो डाग, ज्याच्यावरून ती आपली उमेदवारीची वर्षे मोजी, तिथे कोवळी, स्वच्छ, कुणाचीही असावी अशी कातडी होती.

बदल्यात हातातले एक पान टाकावे लागते. हे वाक्य तिने क्लबात नवख्यांना शेकडो वेळा समजावले होते.

४

तिने पान खुर्चीवरून उचलले. ते उचलताना खुर्चीचे लाकूड बारीक करकरले, जसे कुणी उठताना करकरते. तिने पान गड्डीत घातले, गड्डी डबीत, डबी पर्समध्ये. कातडी भरून येते, वय झाले की चरण विसरतात, असे तिने स्वतःला सांगितले. पण त्यानंतर ती रोज संध्याकाळी स्वतः खुर्चीत बसली. वेणी तिनेच घातली. दुसरा चरण आईने तिला शिकवला. तो तिला नवीन गाणे शिकावे तसा शिकावा लागला, आणि तो तिच्या जिभेवर काही टिकेना.

लढतीचा रविवार उजाडला. पट्टी सोडायला सिस्टर त्याच दिवशी येणार होत्या, पण सूर्य कलल्यावर.

"लढत दुपारीच संपते," ताईने आईला सांगितले. "घड्याळजींना हरवायला कितीसा वेळ लागतो? चषक घेऊनच तुझ्यासमोर उभी राहते."

"चषक नको. तू ये."

"आले म्हणून समज."

निघताना तिने खोलीच्या दारातून वळून पाहिले. खुर्ची रिकामी होती. परत आत जाऊन त्या रिकामेपणावर तिने बोट ठेवून खात्री केली, पर्समधली डबी चाचपली, आणि मगच ती जिना उतरली.

५

माडी माणसांनी भरली होती. पंख्याची घरघर, खालच्या दुकानातून येणारा हवा भरण्याचा फुसफुसाट, आणि टेबलावर पानांचे हलके आवाज. ताई त्या दिवशी अशी खेळत होती की बघ्यांनी श्वास रोखून धरावा. एकेक चाल नेमकी. घड्याळजींचे दोन पंखवाले ढिगात गेले, आणि त्यांच्या कपाळावर घाम आला.

"ताई, जरा दयामाया?"

"घरी विसरून आले."

आता एकच पान हवे होते. घड्याळजींच्या शेवटच्या वाराआड उभा राहील असा कुणीतरी. तिने गड्डीवरचे पान उचलले.

हरकाम्याच होता. नाव तेच, अटी त्याच, कोपऱ्यातली दुमड तीच. फक्त चित्रात दार होते आणि दारापुढे कुणीच नव्हते.

तिने पान डोळ्यांजवळ नेले. खांद्यावरचे फडके नाही, पाठ नाही, सावली नाही. आणि नेहमी बंद असलेले ते दार बोटभर उघडे होते.

छपाईची चूक, तिची बुद्धी म्हणाली. तिचीच बुद्धी, पण त्या क्षणी तिला ती परक्या माणसाची वाटली. तिने पंचांची परवानगी घेतली आणि भिंतीशी जाऊन घरी फोन लावला. वहिनीने उचलला.

"वहिनी, आई बरी आहे ना?"

"कोण बोलतंय?"

"अहो, मी."

"मी कोण?"

"मी! आवाज ओळखत नाही का?"

"ओळखते म्हणून तर विचारतेय." वहिनीचा स्वर खाली आला. "हे पाहा, चेष्टा पुरे. वन्सं आत आईंजवळ बसल्यात, भजन म्हणताहेत. सिस्टर लवकर आल्या, हात धुताहेत. पट्टी सोडायचीय आता. ठेवते."

फोन बंद झाला.

पहिला चेहरा. आईला दिसणारा पहिला चेहरा.

श्रोतेहो, घाबरून धावत सुटणे सोपे होते. पण धावून पोचेपर्यंत पट्टी सुटली असती. ताई उत्तम खेळाडू होती, आणि त्या घटकेला तिने डावच पाहिला. हरकाम्या कुणाच्याही जागी उभा राहतो. पण एका वेळी एकाच जागी. दुसरीकडे बोलावला, तर पहिली जागा त्याला सोडावीच लागते. आणि बोलावण्याची किंमत हातातले एक पान. कोणते टाकायचे, हे आजवर तिने कधी ठरवले नव्हते, म्हणून त्याने हवे ते उचलून नेले होते. आता तिने ठरवले.

ती टेबलाशी आली. हातातली सारी पाने उपडी ठेवली. ते उघड्या दाराचे पान तिने आपल्या खुर्चीवर ठेवले, दोन्ही हातांनी, नैवेद्य ठेवावा तितक्या जपून.

"ताई? जिंकत आलात की!" घड्याळजी म्हणाले.

"खुर्ची राखून जातेय," ती म्हणाली, आणि मग पानाकडे पाहून, इतरांना ऐकू जाणार नाही अशा स्वरात, "ही खुर्ची घे. हा डाव घे, ही हौस घे, इथलं जे माझं आहे ते सगळं घे. तिथून ऊठ."

६

रस्ता तिला आठवत नाही. आठवतो तो आपल्या इमारतीचा जिना.

वळणावर तिला वरून कुणी उतरत असल्याची चाहूल लागली. चपलांची लय ओळखीची होती; डावे पाऊल किंचित जोरात. ताई भिंतीला पाठ लावून उभी राहिली, वाट द्यावी तशी. जिन्यावर दिवसाचा भरपूर उजेड होता. तरी येणारीचे तोंड भिंतीकडे वळलेले होते, आणि ती ते शेवटपर्यंत भिंतीकडेच ठेवून उतरली. मानेवर केसांची गाठ. गाठीखाली प्लास्टरची पांढरी धूळ, सांजवेळी आरशात ताई रोज झटकते तेवढीच. जाताना मेणाचा वास आला. डावा हात कठड्यावरून घसरत होता, आणि त्याच्या अंगठ्यावर डाग होता.

ती पुटपुटत होती. भजनाचा दुसरा चरण होता तो.

ताईने तिला हाक मारली नाही. वळूनही पाहिले नाही. देवाने त्या क्षणी तिला एवढी सुबुद्धी दिली.

७

खोलीत सिस्टर पट्टीचा शेवटचा वेढा धरून थांबल्या होत्या.

"अशा मध्येच उठून काय जाता? आजी तुमच्याशिवाय पट्टी सोडू देईनात." त्या मान वर न करता म्हणाल्या. "बसा पुढ्यात, सोडते आता. आजी, सावकाश उघडा हं."

ताई खुर्चीत बसली. खुर्ची उबदार नव्हती. तिला तेच हवे होते.

आईच्या पापण्या थरथरल्या, उघडल्या, पाण्याने भरल्या. ती बराच वेळ नुसती पाहत राहिली. मग तिने हात पुढे करून ताईचा चेहरा चाचपला, जणू एकट्या डोळ्यावर तिचा भरवसा नव्हता.

"धापा टाकतेयस," ती म्हणाली.

"धावत आले."

"घामेजलेला आहे हात. डागही नाही." आईने तो हात आपल्या गालाला लावला. "पण हाच बरा. तो दुसरा कधी कापतच नव्हता गं."

 वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने एकदा जिन्याकडे पाहिले, एकदा खोलीत, आणि मग जाऊन दाराची कडी लावून आली.

८

पुढे काही आठवड्यांनी, बाजारात ताईला घड्याळजी भेटले. त्यांनी दुरूनच हात उंचावला.

"ताई, काय खेळता हल्ली! त्या लढतीत उठून गेलात, थोड्या वेळाने परत येऊन बसलात, आणि मला असं गुंडाळलंत की अजून स्वप्नात येतं. तेव्हापासून दर रविवारी आमच्या आधी हजर. मात्र एक तक्रार आहे हं. पूर्वी टोमणे तरी मारायचात. आता तोंडातून शब्द नाही."

त्यांनी खिशातून आपली गड्डी काढली आणि एक नवे पान तिला दाखवले. याला तोड काय, म्हणून विचारले. ताईने पान हातात घेतले. रंग होते, पंख होते, काही अक्षरे होती. ती वाचता येत होती, पण त्यांतून डाव उमटत नव्हता. जिथे तिचा तो सारा खेळ होता, तिथे झाडून स्वच्छ केलेली खोली असावी तसे होते.

तिला वाईट वाटले का? वाटले. पण तिने ते पान हसून परत केले.

"पुढच्या रविवारी विचारा," ती म्हणाली. "त्या खुर्चीत बसली असेन तेव्हा. पण घड्याळजी, ऐका. तिथे माझ्याकडून कधी कुठली वस्तू घरी नेऊ नका, आणि मी उठले तर माझ्या मागे येऊ नका."

घड्याळजींना ती थट्टा वाटली. ताई पिशवी उचलून घराकडे वळली. आदल्याच दिवशी कारखान्यात बर्नरवर तिचा अंगठा चांगला भाजला होता. शेजारचे कामगार मलम शोधत असताना ती एकटीच आनंदाने मोठ्याने हसली होती. त्या ताज्या फोडाला सांभाळत ती जिना चढली. वर आई खिडकीशी बसून भजनाचा दुसरा चरण घोळवत होती, आणि आपली पोर आली की तिला तो पुन्हा पहिल्यापासून शिकवायला तयार होती.

श्रोतेहो, तुमच्या घरातली प्रत्येक खुर्ची ज्याची त्यालाच लाभो. तुमच्या म्हाताऱ्यांच्या उशाशी तुमचाच हात असो, थकलेला असो, कापरा असो, पण तुमचा असो. जो खरा सेवक आहे तो तुमच्या दारी न बोलावता येवो आणि काही न नेता जावो. ऐकणाऱ्या सर्वांचे, त्यांच्या लेकरांचे, त्यांच्या उंबऱ्याचे कल्याण होवो.